ड्यूटीनंतरच्या तीन ओळी : दवाखान्यात काम करणाऱ्यांनी इथे लिहावं

रातपाळी
रविवार, सकाळी १०:१५

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. सतरा वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षात. आत्ताच नाइट संपवून घरी आले आहे. झोपायच्या आधी हे लिहिते, कारण गेले काही महिने मी जे करते आहे ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगते. दीडएक वर्षापूर्वीची गोष्ट. पहाटेची वेळ, कक्षाच्या दारात एक ओली बाळंतीण उभी होती. हाताला सलाईनची सुई तशीच. "सिस्टर, माझं बाळ कसं आहे?" मी फाइल भरत होते. मान वर न करता विचारलं, "कितवा वॉर्मर?" (वॉर्मर म्हणजे बाळाला ऊब देणारा पाळणा.) ती म्हणाली, "नंबर नाही माहीत. मुलगी आहे. काल झाली."

मी नंबर शोधला, सांगायचं ते सांगितलं, ती गेली. बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडच्या प्रत्येक बाळाच्या आईचं गाव मला पाठ असायचं. आता बाळ म्हणजे वॉर्मर नंबर चार. कधी झालं हे? मला कळलंच नाही.

त्याआधी वर्षभर अंग दुखायचं, सुट्टीच्या दिवशीही थकवा जायचा नाही, मुलांवर उगाच ओरडायचे. हे सगळं 'कामाचा ताण' म्हणून सोडून देत होते. त्या बाईच्या बोलण्याने मात्र आत काहीतरी हललं.

पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला 'तीन चांगल्या गोष्टी' नावाचा सराव शिकवला. रात्री झोपण्याआधी, दिवसभरात चांगल्या गेलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं. मार्टिन सेलिगमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २००५ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी फक्त एक आठवडा हे लिहिलं. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला रोज रात्री लहानपणीच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. तीन गोष्टी लिहिणाऱ्यांची उदासी कमी झाली आणि तो फरक सहा महिन्यांपर्यंत टिकला. आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला.

आमच्यासारख्यांवरचा अभ्यास त्यानंतरचा. ड्यूक विद्यापीठातल्या ब्रायन सेक्स्टन आणि कॅथरिन अडेअर यांनी २२८ आरोग्य कर्मचाऱ्यांना १५ दिवस हे करायला लावलं. पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणून त्या अभ्यासाच्या नावातच 'पंचेचाळीस चांगल्या गोष्टी' आहेत. २०१९ मध्ये तो छापून आला. भावनिक थकवा महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने मोजला, तिन्ही वेळा आधीपेक्षा कमी भरला. त्यात तुलनेचा गट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून मी 'सिद्ध झालं' असं म्हणणार नाही. पण पंधरा दिवस वहीत तीन ओळी लिहायला माझं काय जाणार होतं?

तर माझा अनुभव.

पहिले चार दिवस वाया गेले. मी लिहायचे, 'ड्यूटी बरी गेली', 'चहा वेळेवर मिळाला', 'सगळे नीट वागले'. वाचून काहीच वाटायचं नाही. पाचव्या दिवशी असं लिहिलं गेलं : 'वॉर्मर सातचं बाळ, ११४० ग्रॅम, आज पहिल्यांदा वाटी-चमच्याने २ मिली दूध प्यायलं. ओठ मिटून चोखल्यासारखं केलं.' आणि पुढे, का घडलं? 'आई दुपारपासून चार तास त्याला छातीशी बांधून बसली होती. मी तिला ओपीडीतून पाठ टेकायची खुर्ची आणून दिली.'

हे लिहिताना मला रडू आलं. खुर्ची आणल्याचं मी विसरूनच गेले होते. वही नसती तर तो सगळा दिवस 'सक्शन मशीन बिघडलं तो दिवस' म्हणून डोक्यात राहिला असता.

तेव्हापासून दोन नियम केले. गोष्ट डोळ्यांसमोर दिसेल इतकी नेमकी हवी. आणि तिच्यात माझा हात कुठे लागला तेही लिहायचं, अगदी बोटभर लागला असला तरी. बाकी वही साधी, चाळीस पानी. नाइट असेल तर सकाळी पडदे ओढून लिहिते, डे असेल तर रात्री. पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. मोबाइलवर लिहून पाहिलं, पण तिथे ड्यूटीच्या ग्रुपचे मेसेज दिसतात आणि सगळं मुसळ केरात.

ज्या रात्री बाळ जातं त्या रात्रीचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्या रात्री मी जबरदस्ती करत नाही. 'आज नाही' एवढंच लिहून वही मिटते. एकदा मात्र दोन दिवसांनी त्याच पानावर परत येऊन लिहिलं : 'मावशींनी त्याला दुपट्यात गुंडाळताना कान झाकले, थंडी वाजू नये तसे.' हे चांगलं म्हणायचं का, मला ठरवता आलं नाही. पण ते हरवू नये असं वाटलं.

तुमच्यापैकी कुणी असं काही करता का? डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, मावशी-मामा (वॉर्डातले मदतनीस), आशाताई, कुणीही लिहा.

---

छत्तीस_तास
रविवार, दुपारी ३:४०

ताई, तुमचं लेखन मनाला लागलं, खासकरून दुपट्याचं. तरीही मला विरोध नोंदवायचा आहे.

मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयात काम करणारा डॉक्टर, दुसऱ्या वर्षाचा. सलग छत्तीस तास ड्यूटी ही आमच्याकडे बातमी नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको आणि एक साप्ताहिक सुट्टी द्या, अशी शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत कागदावरचा आकडासुद्धा वाढला. प्रत्यक्षातला तर मोजतही नाही कुणी.

गेल्या वर्षी मी जिथे काम करतो तिथे 'सकारात्मकता' या विषयावर सत्र ठेवलं. नाइट संपलेल्यांना सक्तीची हजेरी. दीड तास डोळे मिटून कृतज्ञता व्यक्त करायला सांगत होते. माझ्या शेजारची सहकारी खुर्चीतच झोपली आणि तिचं नाव लिहून घेतलं गेलं. त्या दिवसापासून या विषयाचा मला राग आहे.

रोग एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्याच ठिकाणी, असं हे आहे. रिक्त पदं भरा, ड्यूटीचे तास पाळा, झोपायला खोली द्या. वही कशाला?

---

ओसरी
रविवार, सायंकाळी ६:०५

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. नवरा तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ आहे. रोज रात्री जेवताना मी विचारायचे, "कसा गेला दिवस?" आणि उत्तर यायचं, "नेहमीसारखा." असं सहा-सात वर्षं चाललं. मग एकदा सहज विचारलं, "आज शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोललं कुणी?" आणि तो वीस मिनिटं बोलत राहिला. एका आजोबांनी डोळे उघडताच गाईची धार काढली का विचारलं होतं.

आता मी रोज असाच एखादा प्रश्न शोधून ठेवते. घरच्यांना करता येण्यासारखं आहे, म्हणून लिहिलं.

---

रातपाळी
रविवार, रात्री ८:३०

@ओसरी, किती सुंदर. हे माझ्या घरीही सांगते.

@छत्तीस_तास, तुझ्या रागाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. सक्तीचं सत्र आणि झोपली म्हणून नाव लिहून घेणं, हे वाचून मलाही संताप आला. माझी वही मी इन्चार्ज सिस्टरांनाही दाखवत नाही. ज्या दिवशी ती कुणी तपासायला मागेल त्या दिवशी ती मेली.

पण तुला एक सांगायचं आहे, ते मूळ धाग्यात लिहायचं राहून गेलं. तीन महिन्यांनी मी सगळी वही सलग वाचली. 'का घडलं' या रकान्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं : 'आज तिघी होतो.' आमच्याकडे रात्री सोळा बाळं आणि दोघी सिस्टर असतात. तिसरी मिळाली तर नशीब. आणि माझ्या वहीतल्या चांगल्या गोष्टी, आईला धीर देता आला, दूध वेळेवर गेलं, बाळाचा श्वास अडखळलेला लगेच लक्षात आला, यातल्या बहुतेक तिसरी सिस्टर असलेल्या रात्रींच्या होत्या. मी ते ठरवून लिहिलं नव्हतं. आपोआप उमटलं होतं.

त्यावरून आम्ही अर्ज केला. 'ताण आहे' एवढंच न लिहिता, तिसरी सिस्टर असते तेव्हा काय होतं आणि नसते तेव्हा काय राहून जातं, ते तारखेसकट लिहिलं. तिसरी अजून रोज मिळत नाही. आठवड्यातून तीन रात्री मिळते. पूर्वी एक मिळायची.

म्हणून मला वाटतं, चांगलं का घडलं हे प्रामाणिकपणे लिहिलं तर ते मागणीच्या आड येत नाही. नेमकं काय मागायचं ते त्यातून कळतं. फक्त 'चांगलं' लिहून 'का' गाळलं तर मात्र तू म्हणतोस तसं होईल, ती नुसती मलमपट्टी.

---

मनडोह
रविवार, रात्री १०:५०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. थोडी भर घालतो.

कामाच्या ताणाने माणूस आतून थकून, आटून जातो, या अर्थाने 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये वापरला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते काम करत होते आणि स्वतःचीच अवस्था त्यांनी मांडली होती. म्हणजे या शब्दाचा जन्मच दवाखान्यातला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ते मोजायची पट्टी तयार केली, १९८१ मध्ये. त्यात तीन भाग असतात. भावना पार आटून जाणं, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागणं, आणि आपल्या कामाला काही अर्थ नाही असं वाटणं. रातपाळीताईंनी सांगितलेला 'कितवा वॉर्मर' हा त्यातला दुसरा भाग. त्यात कोडगेपणा नसतो. पोळलेलं मन स्वतःला वाचवायला अंतर धरतं.

छत्तीस_तास यांच्या बाजूने एक मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. मॅस्लाक यांचंही म्हणणं तेच. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं, या सहा बाबतींत माणूस आणि नोकरी यांचं जमत नाही तेव्हा हे होतं. म्हणून सगळं ओझं कर्मचाऱ्याच्या मनावर टाकणं चूकच.

मग वहीने फरक का पडतो? मला असं वाटतं, आपली नजर घडवलीच जाते ती बिघाड शोधायला. मॉनिटर आवाज करतो तो बिघडल्यावर. तपासणीत सगळं ठीक असेल तर आपण केसपेपरवर 'एनएडी' लिहितो, म्हणजे वावगं काही आढळलं नाही. आपल्या भाषेत 'चांगलं' याला स्वतंत्र शब्दच नाही. 'वाईट नाही' हेच आपलं चांगलं. वीस वर्षं अशी नजर वापरल्यावर ती घरीही तशीच राहते, आणि स्वतःकडे पाहतानाही. दिवसातून पाच मिनिटं ती दुसरीकडे वळवणं हा सराव आहे, सवयीने जमतो.

आता काळजीपूर्वक वाचा. सलग दोन आठवडे मन उदास, कशातच गोडी नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप नाही, भूक गेली, जगणं नकोसं वाटतं, स्वतःच औषधं किंवा इंजेक्शनं घ्यावीशी वाटतात, यातलं काही असेल तर वहीवर थांबू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. भेटायला संकोच वाटत असेल तर आधी 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आपण डॉक्टर-नर्स असून फोन कसा करायचा, हा विचार मनात येतोच. तरीही करा. माझ्या ओळखीतल्या एका हुशार सहकाऱ्याने केला नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

---

परदेशी_पारिजात
सोमवार, पहाटे ४:२०

इंग्लंडच्या उत्तर भागात एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे, मूळची सांगलीकडची. आमच्या वॉर्डच्या बाहेर पडायच्या दारावर एक पाटी आहे, घरी जाण्यापूर्वीची यादी. डॉनकास्टर आणि बॅसेटलॉ इथल्या रुग्णालयांनी ती तयार केली आणि मग देशभर पसरली. साधारण आशय असा : क्षणभर थांबून आजचा दिवस आठवा. एक अवघड गेलेली गोष्ट मान्य करा आणि सोडून द्या. तीन नीट झालेल्या गोष्टी आठवा. निघण्याआधी सहकारी ठीक आहेत का पाहा. तुम्ही स्वतः ठीक आहात का? आता लक्ष घराकडे वळवा.

पहिली दोन वर्षं मी तिच्यापुढून नुसती जायचे. बसची घाई. कोविडच्या काळात एका हेल्थकेअर असिस्टंटने, साठीच्या बाईने, मला दारात अडवलं आणि विचारलं, "तू ठीक आहेस का?" मी "हो" म्हणाले. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा मी कोट घातलेल्या अवस्थेत तिथेच जमिनीवर बसले. बस गेली. तिने पुढच्या बसपर्यंत सोबत केली.

त्या यादीतलं माझ्यासाठी खरं औषध हे एकच. बाकीचं मी घरी जाताना बसमध्ये करते, दोन थांब्यांच्या मध्ये. पण सहकाऱ्याला विचारणं दारातच झालं पाहिजे. आणि दोनदा विचारायचं. पहिलं "हो" हे सवयीचं असतं.

इथे महिन्यातून एकदा 'श्वार्ट्झ राउंड' होतो. केनेथ श्वार्ट्झ हे बोस्टनचे वकील, १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आजारपणात कर्मचाऱ्यांच्या लहानसहान मायेने आपल्याला किती बळ दिलं हे त्यांनी जाण्याआधी लिहिलं, आणि त्यांच्या नावाने संस्था निघाली. राउंडमध्ये तिघं-चौघं आपला एखादा प्रसंग सांगतात, सर्जनपासून सफाई कर्मचाऱ्यापर्यंत कुणीही. उपाय सुचवायला बंदी असते. फक्त ऐकायचं. मला वाटतं आपल्याकडेही जमेल, पण त्यात मोठ्या साहेबांनी आधी स्वतःचा प्रसंग सांगायला हवा. ते गप्प बसून ऐकणार असतील तर खालचं कुणी तोंड उघडणार नाही.

---

डोंगरवाट
सोमवार, सकाळी ७:१०

नमस्कार ताई. मी आशा आहे. आमचे पाडे लांब लांब आहेत. मला लिहायला वेळ नाही होत, दिवसभर लिहायचंच काम असतं, रजिस्टर, अॅप, परत रजिस्टर. म्हणून मी वाटेने चालताना फोनमध्ये बोलून ठेवते. दोन पाड्यांच्या मध्ये ओहोळ आहे, तिथे दगडावर बसून पाणी पिते आणि बोलते. मुलगी म्हणते आई तू एकटीच काय बडबडतेस.

आम्हाला नवीन बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये. तेही कधी येतील सांगता येत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं की हे घरी जाऊन बाळ बघायचं काम आपल्या गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग आणि राणीताई बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून करून दाखवलं, तिथून देशभर गेलं. हे ऐकलं तेव्हा फार बरं वाटलेलं.

मी काय करते, बेचाळिसाव्या दिवशी घाई नाही करत. वजन घेते, फॉर्म भरते आणि मग पाच मिनिटं बाळ मांडीवर घेऊन नुसती बसते. पहिल्या भेटीचं वजन आठवते. परवा एक मुलगी होती, तिसऱ्या दिवशी एक किलो आठशे, थंडगार पाय. आईला सांगितलेलं आंघोळ नको, टोपी-मोजे घाल, उरापासून लांब नको ठेवू. सासू ऐकेना, तर सासूच्याच उराशी बांधून दिली. बेचाळिसाव्याला भरली दोन किलो नऊशे. माझ्या बोटाला धरलं. ओहोळावर आल्यावर मी फोनमध्ये एवढंच बोलले, "सासूने धरली, म्हणून."

आमचे पैसेही वेळेवर मिळाले पाहिजेत. छत्तीस तासवाले दादा बोलतात ते बरोबरच आहे.

---

कॅज्युअल्टी_ब्रदर
सोमवार, दुपारी १:१५

बेचाळिसावा दिवस वाचून गहिवरून आलं, डोंगरवाटताई.

आमच्याकडे असं शेवटपर्यंत पाहायला मिळत नाही. पेशंट येतो, स्थिर होतो, वर जातो किंवा दुसरीकडे पाठवला जातो. नाहीतर आमच्या हातात जातो. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक प्रथा सुरू केली. प्रयत्न थांबवल्यावर, कुणीही हातमोजे काढण्याआधी, सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं. गेलेल्या माणसाला मान द्यायचा आणि ज्यांनी प्रयत्न केले त्यांनाही. तिकडे तिला 'द पॉज' म्हणतात.

आमच्या एका मॅडमनी ती आमच्याकडे आणली. मिनिट मिळत नाही, बाहेर नातेवाइकांचा आक्रोश असतो, कधी दारावर धक्के बसतात. पण पंधरा सेकंद मिळतात. मॅडम म्हणतात, "यांना नाव होतं, घर होतं. आपण सगळ्यांनी हात लावले. थांबूया." मग शांतता. नाव माहीत असेल तर नाव घेतात. रस्त्यावरून आणलेला बेवारस असेल तर 'बाबा' किंवा 'दादा' म्हणतात.

पूर्वी कुणी गेलं की आम्ही थेट पुढच्या खाटेकडे वळायचो, आणि तो माणूस रात्री झोपेत यायचा. अजूनही येतात. पण ज्यांच्यासाठी थांबलो ते कमी येतात. हा माझा अनुभव, शास्त्र मला माहीत नाही.

याला 'सकारात्मक' म्हणता येईल का, शंका आहे. चालत नसेल तर प्रतिसाद काढून टाका.

---

रातपाळी
सोमवार, दुपारी २:००

काढायचा कशाला? माझ्या दुपट्याच्या पानाला आज नाव मिळालं.

@डोंगरवाट, 'सासूने धरली, म्हणून' हे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते आहे, चालेल ना?

---

छत्तीस_तास
शुक्रवार, रात्री ११:३५

परत आलो. रविवारी जरा तिखट बोललो होतो. मत बदललेलं नाही. पण रातपाळीताईंच्या 'आज तिघी होतो' ने मला कामाला लावलं.

आमच्या युनिटमध्ये आम्ही चौघांनी ठरवलं, सकाळच्या ओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवण्याच्या, शेवटी प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं : रात्री काय नीट झालं आणि कशामुळे. मंगळवारी बोललो, बुधवारी बोललो. गुरुवारी पहाटे एकामागून एक तीन अॅडमिशन आल्या, ओव्हर जिन्यातच झाला आणि वाक्य राहिलं. आज कुणी विषयच काढला नाही. म्हणजे दोन दिवस टिकलं.

पण त्या दोन दिवसांत जे बोललं गेलं ते मी लिहून ठेवलं आहे. मंगळवारी इंटर्न म्हणाली, "डीकेएची (मधुमेह जिवावर बेतलेली) मुलगी सकाळी चहा मागत होती. दर तासाला शुगर घ्यायला मला वेळ मिळाला, कारण सॅम्पल घेऊन मामा पळत होते, मला पळावं लागलं नाही." बुधवारी मामा रजेवर होते. बुधवारी तिच्याकडे सांगायला काहीच नव्हतं.

सोमवारी पुन्हा सुरू करणार आहोत. आणि रात्रीसाठी एक मामा कायम हवा, याचा अर्ज मी लिहायला घेतला आहे, तारखांसकट. ताई, तुमच्या अर्जाची भाषा कशी होती ते मला निरोपात पाठवाल का? नावं-गावं काढून.

---

रातपाळी
शनिवार, सकाळी ९:५०

आजच पाठवते. एकच सूचना. वाक्य ओव्हरच्या सुरुवातीला घे. शेवटी ठेवलेलं काम रुग्णालयात कधीच होत नाही.

---

सूक्ष्मदर्शक
शनिवार, रात्री ९:१०

सगळा धागा वाचला. मी लॅब टेक्निशियन आहे, सरकारी रुग्णालयातच. तुम्हा सगळ्यांकडे निदान माणसं आहेत. बाळ दूध पितं, आजोबा गाईबद्दल विचारतात. माझ्याकडे नळ्या येतात. तळघरात बसतो, दिवसाला दोनशे-अडीचशे नमुने, खिडकी नाही. रिपोर्ट वर जातो आणि पुढे काय झालं ते कळत नाही. फोन येतो तो फक्त 'रिपोर्ट का नाही आला' म्हणून.

वही आणली. तीन रात्री बसलो. पहिल्या ओळीच्या पुढे जाता येत नाही. खरंच विचारतो, मी काय लिहू?

---

रातपाळी
रविवार, सकाळी ९:३०

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझी वही चाळली. फेब्रुवारीतलं एक पान जसंच्या तसं उतरवते.

'रात्री २:१०. लॅबमधून फोन. "सिस्टर, वॉर्मर नऊचं सॅम्पल हिमोलाइज झालंय. पोटॅशियम ७.८ दिसतंय, पण ते धरू नका. पुन्हा पाठवा." डॉक्टर औषध काढायच्या बेतात होते, थांबले. पुन्हा पाठवलं, ४.६ आलं. का घडलं? लॅबमधल्या माणसाने नुसता आकडा पाठवला नाही, नळीकडे पाहिलं, आणि फोन उचलला.' (हिमोलाइज म्हणजे नळीतल्या रक्तपेशी फुटल्या. मग पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं.)

ते बाळ सतराव्या दिवशी घरी गेलं. आई धाकट्या बहिणीबरोबर आली होती, हिरवी साडी होती, मला आठवतंय.

तो फोन तुमच्या गावातला नसेल, आमच्याच लॅबचा होता. पण तुम्हीही असे फोन करत असणार. किती वेळा केले, ते आठवून बघा. पहिली ओळ तिथे सापडेल.

आणि हे उतरवताना माझ्या लक्षात आलं, की मी ते वहीत लिहिलं, पण फोन करणाऱ्याला कधी सांगितलंच नाही. नावही विचारलं नव्हतं. आमची लॅबही तळमजल्यावर, जिन्याच्या मागे आहे. आज रात्री ड्यूटीला अर्धा तास लवकर निघते. फेब्रुवारीच्या त्या रात्री कोण होतं ते रजिस्टरमध्ये असेलच.